हू, हूम आणि पॅन्ट्रीतला केक

इंग्रजी बोलायचं असेल तर माझं फारसं अडत नाही, हातवारे करून, मध्येच 'यू नो' टाकून गाडी पुढे रेटता येते. घोडं पेंड खातं ते मेल लिहिताना, आणि तेसुद्धा नेमकं एकाच जागी. 'ज्या मीटिंगमध्ये आपण हे ठरवलं ती मीटिंग' एवढं साधं वाक्य. मराठीत 'मध्ये' मीटिंगला चिकटून बसलंय, ते कुठे जात नाही की येत नाही. इंग्रजीत मात्र 'इन' हातात घेऊन मी अख्ख्या वाक्यात जागा शोधत फिरते. आधी ठेवलं, 'द मीटिंग इन विच वी डिसायडेड धिस', की वकिलाची नोटीस वाटते. शेवटी ठेवलं, 'द मीटिंग वी डिसायडेड धिस इन', की शाळेतल्या बाई डोळ्यासमोर येतात, कारण वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन म्हणजे घोर पाप.

मग आपली बरीच मंडळी तो 'इन'च गिळून टाकतात. त्यात त्यांचा तरी काय दोष, सवय मराठीची. 'आम्ही उतरलो होतो ते हॉटेल', 'मी बसते ती खुर्ची', इथे खुर्चीवर की खुर्चीत असं कोणी विचारत बसत नाही, तेच मग 'द चेअर आय सिट' आणि 'द रूम वी स्लेप्ट' होऊन क्लायंटकडे रवाना होतं.

बरं, बाईंचा तो नियम आला कुठून बघायला गेले तर निघाला जॉन ड्रायडन नावाचा कवी. या गृहस्थांनी 1672 मध्ये बेन जॉन्सन या नाटककाराच्या वाक्यांच्या शेवटी प्रीपोझिशन येतात म्हणून नाक मुरडलं, तेही जॉन्सन जाऊन 35 वर्षं झाल्यावर, म्हणजे उलट बोलायची सोय नाही, आणि पुढे 1684 मध्ये स्वतःच्याच जुन्या निबंधाची नवी आवृत्ती काढली तेव्हा त्यातली शेवटची प्रीपोझिशनं वेचून वेचून आत ढकलली. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने व्याकरण लिहिलं, त्यात म्हणे ही लकब आपल्या भाषेला फार आवडते, आणि ते सांगणारं वाक्य स्वतःच 'टू'वर संपवलं! 1926 मध्ये फाउलर या कोशकाराने तर या नियमाला सरळ अंधश्रद्धा म्हटलं. हे सगळं आमच्या बाईंपर्यंत पोचलंच नाही. तिकडे गोरे लोक 'द गाय आय वर्क विथ' म्हणून चहा प्यायला मोकळे.

पण खरा वैताग पुढेच आहे. 'द मॅनेजर हू आय वर्क विथ' चालतं, कोणी भुवई उंचावत नाही. तोच 'विथ' उचलून पुढे आणला की 'विथ हू' चालत नाही, 'विथ हूम' लागतं, म्हणजे 'हू'चं कर्माचं रूप. एरवी बोलण्यात हूमला कुत्रं विचारत नाही, पण प्रीपोझिशन शेजारी येऊन बसलं की त्याच्यावाचून पान हलत नाही. आणि 'दॅट'ला तर तिथे प्रवेशच नाही. 'द लॅपटॉप दॅट आय वर्क ऑन' छान, 'ऑन दॅट आय वर्क' केलं की गचके. तिथे 'विच'च पाहिजे.

मध्यंतरी ऑफिसच्या पॅन्ट्रीत कोणाच्या तरी बर्थडेचा अर्धा केक उरला होता आणि त्यावर चिठ्ठी, 'फॉर हूएव्हर वॉन्ट्स इट'. दुपारी बघते तर कोणीतरी लाल पेनाने 'हूएव्हर' खोडून 'हूमेव्हर' केलेलं. केक तसाच, पण व्याकरण संपवलेलं! लॉजिक स्पष्ट आहे, 'फॉर' दिसलं की 'हूम' लावा. पण इथे मूळ चिठ्ठीच बरोबर होती. 'फॉर'चा हक्क 'हूएव्हर वॉन्ट्स इट' या अख्ख्या तुकड्यावर आहे, आणि तुकड्याच्या आत 'हूएव्हर' हा कर्ता आहे, केक हवाय तो त्याला. घरमालकाने भाडं पूर्ण घराचं घ्यावं, आत पोळ्या कोण लाटतंय ते बघायला येऊ नये, तसंच. हे मी लाल पेनवाल्या सरांना सांगितलं नाही. अप्रेझल जवळ आलंय.

मी आपली वाक्यं तोडायला लागलेय. 'वी हॅड अ मीटिंग. वी डिसायडेड धिस देअर.' फुलस्टॉपसारखा मित्र नाही. सर म्हणाले, तुझे मेल हल्ली खूप क्रिस्प असतात.

तेवढ्यात बँकेसाठी सोसायटीचं पत्र लागलं. आमचे सेक्रेटरीकाका इंग्रजीला अजिबात घाबरत नाहीत, त्यांनी वर ठसठशीत कॅपिटलमध्ये 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' टाइप केलं, खाली दोन रेघा मारल्या. मी लगेच तपासायला बसले. इथे 'कन्सर्न'चा कर्ता 'इट', म्हणजे हूमसोएव्हर कर्म, म्हणजे 'हूम' बरोबर. काकांना म्हटलं, परफेक्ट आहे. काका म्हणाले, "असणारच, 20 वर्षं हाच फॉरमॅट आहे. तू फ्लॅट नंबर बरोबर आहे का तेवढं बघ."

फ्लॅट नंबर शेजारच्यांचा होता.