आजीचं खरं, पण ऐकणाऱ्याचं काय?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘जिभाऊ, थोरांच्या सहवासात माणूस घडतो हे तुमचं म्हणणं रिकामटेकड्यांचं. बहिणाबाई कोणत्या शिबिराला गेल्या होत्या? माझ्या आजीचा जन्म केळीच्या बागेत गेला, जात्यावर ओव्या म्हणत. सत्संगाला जायला तिला सवड कुठे होती?’ झोंबलं. त्यातलं निम्मं खरं असल्यामुळे जास्तच झोंबलं.

शिबिराचं आधी कबूल करतो. पैसे भरून मीही एकदा तीन दिवस बसून आलो. चौथ्या दिवशी मोटार दुरुस्त करायला उशिरा आला म्हणून मेकॅनिकवर असा खेकसलो, की बायको म्हणाली, ‘फी परत मिळते का बघा.’ तेव्हा तो मुद्दा तुमचा.

पण बहिणाबाईंचं थोडं थांबून बघू. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या म्हणत गेल्या आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, नि सोपानदेवांच्या मावसभावाने ते वेळोवेळी टिपून ठेवलं. 1951 साली बहिणाबाई गेल्या, 1952 साली अत्र्यांनी पुढाकार घेतला म्हणून गाणी छापून आली. टिपणारं कुणी घरात नसतं, तर आसोद्याची ही लेक आज तुम्हाला-मला ठाऊक असती का? बहिणाबाई कुणाच्या पायाशी बसल्या, हे तुम्ही विचारता. त्यांच्यापाशी कोण बसलं होतं, हे मला विचारावंसं वाटतं.

धुळ्याच्या तुरुंगात तेच झालं. 21 फेब्रुवारी ते 19 जून 1932, अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले. ऐकणारे पुष्कळ होते, साने गुरुजी मात्र लिहून घेत होते. त्याआधी अंमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढणारा हा माणूस! बोटांना सवय होतीच म्हणा. तुरुंगात सवड होती, असं तुम्ही म्हणाल. ती सगळ्यांनाच होती.

सहवास म्हणजे सतरंजीवर पुढची जागा, असं मलाही पूर्वी वाटायचं. मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेवर काही दिवस चाललो, तेव्हा मला टँकरच्या नळाशी उभं केलं. कीर्तन राहिलं लांब. मी भराभर तांबे ओतत होतो, निम्मं पाणी मातीत. एक म्हातारी माउली म्हणाली, ‘बाबा, पाण्याकडे नको पाहू, पिणाराकडे पाहा.’ मग दिसायला लागलं. कुणाची ओंजळ आधीच थरथरते, तिथे धार बारीक करायची. पोट भरलं की माणूस बोलत नाही, नुसती मान हलवतो आणि उरलेलं पाणी डोळ्यांना लावतो. त्या माउलीने दुसरं काही शिकवलं नाही. तिचं नावही मी विचारलं नाही, याची आजही चुटपुट लागते.

म्हणून शिबिराला जा, असं मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. आजीच्या ओव्यांचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात, मी तिथेच अडकलोय. आजी आहेत ना अजून? त्यातली एखादी तरी कुणी उतरवून घेतली आहे का? सुरुवात आठवत नसेल तर मधूनच म्हणू द्या. आणि त्यांच्या बोलीतच लिहा, आपलं पुस्तकी मराठी मधे घुसवू नका.