यादीतलं नाव

डिसेंबर २०२५ मध्ये साताऱ्यात नगरपालिकेचं मतदान झालं आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच पालुपद चालू आहे: दादाचं नाव यादीतून उडवलं. कुणी उडवलं, तर ‘त्यांनी’. ते कोण, हे ज्याचा जो राजा, म्हणजे नेता, त्यावर ठरतं.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मंगळवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून त्याने शाहूपुरीत फ्लॅट घेतला, त्याला सहा वर्षं झाली. त्या दिवशी वहिनीला स्कूटरवर मागे बसवून तो शाहूपुरीतली तीन केंद्रं फिरला. नाव कुठेच नाही. मग कुणीतरी मोबाइलवर शोधलं. सापडलं! जुन्या पत्त्यावर, जुन्याच प्रभागात. तोवर साडेपाच वाजून गेले होते. नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या दोन जागांची दोन, अशी तीन मतं गेली. वहिनीची धरून सहा.

मला राग आला तो इथे. नगरपालिकेची म्हणून काही वेगळी यादी नसते. विधानसभेचीच यादी राज्य निवडणूक आयोग घेतो आणि प्रभागांत फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ची घेतली होती. पत्ता बदलला की नमुना ८ भरायचा, एवढंच काम. प्रारूप यादी लागते, तिच्यावर हरकती घ्यायला मुदत असते. त्या मुदतीत दादा पोवई नाक्यावर चहा पीत राजकारणावर बोलत असणार, मी त्याला ओळखतो.

मग मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. इथे इंग्लंडात, रेडिंगमध्ये, आपल्याला कुणी हात धरून यादीत नेत नाही. घर बदललं की पुन्हा नोंदणी करायची. एनआय नंबर (नॅशनल इन्शुरन्सचा) टाकला की पाच मिनिटांत होतं, पण मतदानाच्या बारा कामाच्या दिवसांआधी केलं नाही तर बस घरी. आणि आपण भारतीय नागरिक असूनही इथे मत देतो, कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेलाच नव्हे, पार्लमेंटलासुद्धा. २ मे २०२४ ला कौन्सिलच्या मतदानाला मी कामावरून येताना चर्चच्या हॉलात गेलो, ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्ट दाखवला, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली आणि बाहेर आलो. ना रांग, ना बोटाला शाई. रात्री दहापर्यंत मतदान.

दादाचं उत्तर एका ओळीचं आलं. ‘तू तिकडनं शानपना शिकवू नको.’

एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. रांग नव्हती कारण कुणी येतच नाही. इथल्या स्थानिक निवडणुकीत दहातले सहा-सात जण घरीच बसतात. माझा शेजारी कचऱ्याचे डबे वेळेवर उचलत नाहीत म्हणून दर आठवड्याला कुरकुरतो, पण कौन्सिलर कोण हे त्याला ठाऊक नाही. दादा निदान तीन केंद्रं फिरला.

शाईचंही तसंच. तिचा उल्लेख मी फुशारकीने केला खरा, पण हॉलमधून निघताना बोट उगीच पाहिलं होतं.

परवा धाकट्या भावाने ग्रुपवर एक फोटो टाकला. घरच्या पत्त्यावरच्या मतदारयादीचं पान. वडिलांचं नाव, आईचं, त्याचं आणि माझंही. चौदा वर्षांपूर्वी सातारा सोडलेला मी, शनिवार पेठेत व्यवस्थित राहतो आहे. दुबार नावं, खोटी नावं, यादी साफ करा म्हणून ग्रुपवर सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा मीच.

नियमाने मला दोन वाटा आहेत. नमुना ७ भरून नाव काढायचं, नाहीतर नमुना ६अ भरून परदेशस्थ मतदार व्हायचं. त्यातही मत द्यायला तिथेच जावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. तोच निळा. दोन्ही नमुने लॅपटॉपवर उतरवून ठेवलेत. सातवर कारणाच्या रकान्यापर्यंत पोचलो होतो. ‘कायमचे स्थलांतर’. तिथेच बंद केला.

भावाला विचारलं, यादी तपासायला माणूस आला होता ना, मग नाव कसं राहिलं? तो म्हणाला, आला होता की. आईने त्याला दारातच सांगितलं, ‘राहू द्या नाव, दिवाळीला येतोय तो.’

दिवाळीला मी शेवटचा २०१९ ला गेलो होतो.