१८ घोडेस्वार, नवद्वीप आणि आईच्या ग्रुपवरचा मेसेज

आईच्या दिंडीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला आणि तिने तो मला वाचून दाखवला. मजकूर असा: गंगाकाठचं नवद्वीप ही बंगालची राजधानी. बख्तियार खिलजी १८ घोडेस्वार घेऊन आला, राजा लक्ष्मणसेन अनवाणी पळाला, एका दुपारी अख्खा बंगाल गेला. त्या दिवशी नवद्वीपची विद्या संपली. उरलंसुरलं तेज वैष्णव संत चैतन्यांनी लोकांच्या हाती टाळ-मृदंग देऊन घालवलं. आणि शेवटी, वारकऱ्यांनीही यातून धडा घ्यावा! आईच्या गळ्यात कित्येक वर्षांची माळ आहे. तिने विचारलं, "खरं आहे का रे हे?"

नाही, आई.

१८ स्वारांची गोष्ट जो कोणी सांगतो, तो ती एकाच ठिकाणाहून घेतो: काझी मिन्हाज-ए-सिराजचा ‘तबकात-ए-नासिरी’ हा १२६० च्या सुमारास पुरा झालेला ग्रंथ. मिन्हाज स्वतः बंगालमध्ये राहून आला होता आणि तो जिंकणाऱ्यांच्याच बाजूचा. म्हणजे त्याने बंगाल्यांना सांभाळून घेतलं असंही म्हणता येत नाही. तो लिहितो की बख्तियारने घोडा इतका दामटला की १८ च स्वार त्याच्या बरोबरीने पोचू शकले. बाकीची फौज मागून येत होती. वेशीतून ते सावकाश, कुणाला धक्का न लावता आत शिरले. लोकांना वाटलं, घोडे विकायला व्यापारी आलेत. म्हातारा राजा जेवायला बसला होता. आरडाओरडा कानावर येईपर्यंत स्वार वाड्यात घुसले होते. शहर ताब्यात आलं ते मागची फौज येऊन पोचल्यावर.

राजा अनवाणी निसटला हे मिन्हाजच लिहितो, तेवढं मान्य करावंच लागतं. पहारा ढिला होता, हेही. पण वाड्याचं दार म्हणजे बंगाल नव्हे. लक्ष्मणसेन पूर्वेला ‘बंग’ देशी गेला, आणि त्याचे वंशज आपल्या काळातही तिथे राज्य करतात, असं हाच मिन्हाज पुढे सांगतो. त्याची मुलं विश्वरूपसेन आणि केशवसेन यांचे ताम्रपट सापडलेले आहेत. बख्तियारने नवद्वीप लुटून सोडलं आणि उत्तरेला लखनौतीत, म्हणजे गौडला, ठाणं केलं. दोनेक वर्षांत तो तिबेटवर निघाला, तेव्हा मिन्हाजच्याच हिशेबाने १०,००० स्वार होते. परत आले शंभराच्या आसपास. मेसेज लिहिणाऱ्याने ‘१८’ उचलला आणि हे सगळं सोडून दिलं. हा खोडसाळपणा आहे.

विद्या संपली म्हणे! नव्यन्यायाचे, म्हणजे नव्या तर्कशास्त्राचे, मोठे पंडित रघुनाथ शिरोमणी या घटनेनंतर जवळजवळ ३०० वर्षांनी झाले. ते शास्त्र शिकायला देशभरातून विद्यार्थी नवद्वीपच्या टोलांत, म्हणजे तिथल्या पाठशाळांत, यायचे. यावर आणखी लिहायची गरज नाही.

मला खरा राग आहे तो टाळ-मृदंगाच्या वाक्याचा. चैतन्य, म्हणजे शचीमातेचा निमाई, १४८६ साली नवद्वीपात जन्मला. तिथल्या काझीने कीर्तनावर बंदी घातली, मृदंग फोडला. त्यावर निमाईने काय केलं, ते वृंदावनदासांनी लिहिलेल्या चरित्रात, ‘चैतन्य भागवता’त, आहे. प्रत्येकाने संध्याकाळी मशाल घेऊन यायचं, असा निरोप घरोघरी गेला. अंधार पडताच गंगेच्या काठाकाठाने नाचत-गात गाव निघालं आणि थेट काझीच्या दारात उभं राहिलं. ‘चैतन्य चरितामृत’ या दुसऱ्या चरित्रात पुढचं बोलणं आहे. काझी निमाईला गावच्या नात्याने भाचा म्हणतो, आणि आपल्या वंशातला कोणी कीर्तनाला आडवा येणार नाही असा शब्द देतो. आजही मायापूरच्या बाजूला त्या काझीची समाधी दाखवतात आणि वैष्णव तिथे माथा टेकतात. सरकारी हुकूम मोडायला हजारो माणसं मृदंग घेऊन रस्त्यावर आली, त्यांना निस्तेज म्हणायचं?

आणि याच नवद्वीपात कार्तिकी पौर्णिमेच्या रासाला कालीच्या, शक्तीच्या प्रचंड मातीच्या मूर्ती निघतात. जुन्या वडाच्या मुळाशी पोडामा ही देवी पुजली जाते. वैष्णव आणि शाक्त एकाच गल्लीत राहतात.

हे सगळं मी आईला सांगितलं आणि मग ‘चरितामृता’तला दक्षिणयात्रेचा भाग वाचून दाखवला. चैतन्य पंढरपूरला येतात, विठ्ठलाचं दर्शन घेतात, भीमेत स्नान करतात. तिथेच श्रीरंगपुरी नावाचे संन्यासी त्यांना सांगतात की त्यांचा संन्यास घेतलेला थोरला भाऊ शंकरारण्य याच तीर्थात देह ठेवून गेला. भावाला शोधायला जातो असं सांगूनच ते दक्षिणेत निघाले होते.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचंही कोणी आपल्या वाळवंटात आहे."