एक स्टार देणाऱ्या दादांना: तुमचं किट आलं तेव्हाच खारं होतं

नमस्कार दादा,

पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या दुकानात सांभाळायला ठेवलेल्या डायव्हिंगच्या किटबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. वेटसूटला, म्हणजे पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाला, घड्या पडल्या ही चूक आमचीच आहे, त्याची मनापासून माफी मागतो. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारं यंत्र) गळतोय, हवेची टाकी रिकामी मिळाली, पंप दुरुस्त करणाऱ्याला डायव्हिंगचं काय कळणार, असंही तुम्ही लिहिलंय. तेही ऐकून घेतलं असतं. पण "आम्ही सगळं स्वच्छ धुऊन दिलं होतं" असं जे लिहिलंत, त्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

वहीत नोंद आहे, ९ जून, संध्याकाळी सहा. तारकर्लीतला शेवटचा डाइव्ह २४ मेचा, हे तुम्हीच सांगितलं. म्हणजे सोळा दिवस किट गाडीच्या डिकीत, तेही तोंड बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी सोडली तेव्हा आमच्या सौंनी नाकाला पदर लावला. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगायचं जॅकेट, उलटं केलं तर आतून तांब्याभर पाणी निघालं. मी बोट बुडवून जिभेला लावलं, खारट होतं. दादा, धुतलेल्या जॅकेटातून खारं पाणी कसं निघेल? ते आतूनही विसळावं लागतं. तोंडाने फुगवायच्या नळीतून गोडं पाणी आत घालायचं, हलवायचं, ओतून टाकायचं, आणि ठेवताना थोडी हवा भरून ठेवायचं, म्हणजे आतली रबरी पिशवी चिकटत नाही. ते आम्ही तीनदा केलं. त्याचे पैसे लावले नाहीत.

आता रेग्युलेटर. त्याची टोपी नुसती लोंबत होती आणि फर्स्ट स्टेजच्या (टाकीवर बसणाऱ्या भागाच्या) तोंडातली जाळी हिरवी पडली होती. ती हिरवी पडते ती खारं पाणी आत गेल्यामुळे, गोदामात ठेवल्यामुळे नाही. टोपी कोरडी करून घट्ट बसवल्याशिवाय रेग्युलेटर पाण्यात बुडवायचा नसतो, आणि बुडवल्यावर तोंडाकडच्या भागावरचं पर्जचं, म्हणजे हवा सोडायचं, बटण दाबायचं नसतं. दाबलं की पाणी होजमधून, म्हणजे नळीतून, वर चढतं. तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं ते मी पाहिलेलं नाही, पण जाळी मी पाहिली आणि तुम्हालाही बॅटरी मारून दाखवली. मीठ एकदा वाळलं की त्याचे खडे धरतात, मग बादलीतल्या पाण्याने सहज सुटत नाहीत. कोमट पाणी बदलत दोन दिवस भिजवलं. वरचं सुटलं, आतलं नाही. फर्स्ट स्टेज मी स्वतः खोलत नाही, त्यावर माणसाचा श्वास चालतो, ते शिकलेल्या टेक्निशियनचं काम. "पाठवू का सर्व्हिसला?" असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "आत्ता नको, दिवाळीला बघू." वहीतल्या त्या ओळीखाली तुमची सही आहे. आणि दिवाळीला तुम्ही आलात ते मालवणला निघायच्या आदल्या रात्री, पावणेनऊला.

टाकी रिकामी नव्हती, २० बार (हवेच्या दाबाचं माप) होतं. हंगाम संपल्यावर टाकी अशीच ठेवतात, थोड्या दाबावर आणि उभी. पूर्ण सोडून दिली तर दमट हवा आत शिरते, आणि २०० बारची भरलेली टाकी चार महिने माणसांच्या वस्तीत मी ठेवणार नाही. हवा भरून द्यायचा कॉम्प्रेसर आमच्याकडे नाही, हे पावतीवर छापलंय.

पंपाचं बोललात ते लागलं. हो, माझं पोट मोटार रिवाइंडिंगवर चालतं आणि पावसाळ्याचे चार महिने या सामानावर. म्हणूनच मोटारींचं काम मागच्या शेडमध्ये लांब ठेवलंय, कारण ठिणग्यांतून ओझोन वायू निघतो आणि त्याने रबर तडकतं. हे मला पंपाच्या धंद्यानेच शिकवलं. मालवणच्या दमट हवेत पावसाळ्यात सामानाला बुरशी धरते, म्हणून लोक ते घाट चढवून इथे आणतात. साठवण सांगलीला नवीन नाही, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, पिढ्यान्‌पिढ्या हळद राहिली.

वेटसूटचं मात्र खरं सांगतो. तुमचं किट उशिरा आलं, म्हणून ते खालच्या वाळवणाच्या खोलीत होतं. जुलैच्या शेवटी आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांकडे चाललं. आम्ही गावभागात राहतो, २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी या दुकानाने पाहिलंय. रात्रीत सगळं माडीवर नेलं. त्या घाईत पोराने तुमचा सूट घडी करून पेटीत ठेवला आणि पाणी उतरल्यावर परत हँगरला लावायचा राहिला. सूटच्या निओप्रीन रबरातले हवेचे बुडबुडे घडीवर दबतात, तिथे ऊब कमी होते, हे मला माहीत असून झालं. ती जबाबदारी माझीच. रुंद खांद्याच्या हँगरला काही दिवस लावून ठेवा, घड्या बऱ्याच सुटतील, पूर्ण सुटतील असं म्हणत नाही. एका महिन्याचं भाडं परत देतो.

यापुढे सामान घेताना फोटो काढणार आहोत, आणि माडीवर हँगरचंही काहीतरी बघतोय.

हा रिव्ह्यू वाचून कालच एका गिऱ्हाइकाने फोन करून सामान परत मागितलं. तुम्ही लिहिलेलं काढा असं म्हणत नाही, फक्त धुऊन दिल्याची ती ओळ एकदा वाचून बघा.

तुमच्या फिन्सच्या (पोहताना पायात घालायच्या पंखांच्या) टाचेतले प्लॅस्टिकचे साचे इथेच राहिलेत. पुढच्या वेळी ते घालूनच फिन्स ठेवा, आणि टोकावर उभ्या करू नका, पातं वाकतं. डब्यात नाव लिहून ठेवलेत, सकाळी दहानंतर कधीही घेऊन जा.