कंबर ८४, वय ५२

मागच्या सीझनच्या शेवटी स्कीजना धार लावून ठेवू, म्हणजे पुढच्या वर्षी आयत्या तयार, असा कधी नव्हे तो शहाणपणाचा विचार करून मी माझी जोडी वर्कशॉपमधे घेऊन गेले, आणि तिथल्या पोराने तिच्याकडे असं बघितलं की माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ गप्प राहतात आणि मग "सोबत कोणी आलंय का?" विचारतात ना, तसं.

(आधी एक खुलासा. एकीला स्की म्हणायचं हे ठीके, दोघींना काय म्हणायचं हे मला अजून कळलेलं नाही. स्त्री-स्त्रिया तशा स्की-स्किया असं एकदा म्हणून बघितलं, तर नवरा दोन दिवस हसत होता. म्हणून स्कीज. चालवून घ्या.)

तर त्या पोराने आधी अंगठ्याचं नख कडेच्या स्टीलच्या पट्टीवरून आडवं ओढलं. धार असेल तर नख खरवडून बारीक पांढरा भुगा निघतो. माझ्या पट्टीवरून ते नुसतं घसरलं. म्हटलं अरे मग लाव की धार, त्यासाठीच तर आणल्यात. तर म्हणे धार लावायला पट्टी उरायला हवी ना, दर वर्षी कानस मारून मारून ही दोऱ्याएवढी राहिलीये. मग त्याने दोघींचे तळ एकमेकींना लावून उभं धरलं आणि मधून खिडकीकडे बघितलं. चांगल्या स्कीज अशा धरल्या की मधोमध फट दिसते, कारण त्या मधे किंचित वर उचललेल्या असतात, ह्याला कँबर म्हणतात, तुम्ही वर उभं राहिलात की ती कमान दाबली जाते आणि कड लांबवर बर्फाला घट्ट टेकते, म्हणून वळताना पकड मिळते. आमच्या दोघींमधून खिडकी दिसेना. चौदा वर्षं मला वाहून त्यांचं कंबरडं मोडलं होतं. "कमान गेलीये," तो म्हणाला. मी काही बोलले नाही, माझीही हल्ली तीच तक्रार आहे.

वर बाइंडिंगचं प्रकरण निघालं. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना वेळेत सोडणारा खटका, नाही सोडला तर स्की एकीकडे आणि पाय दुसरीकडे पिळला जातो. कंपन्या ठराविक वर्षांनंतर जुनी मॉडेल्स यादीतून काढून टाकतात, मग त्यांची जबाबदारी कंपनी घेत नाही आणि दुकानवाले त्यांच्या स्क्रूला हात लावत नाहीत. माझं मॉडेल कधीच यादीबाहेर गेलं होतं आणि मला कोणी कळवलंही नव्हतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर म्हणाला, "मग घे ना नवीन. एका दुपारचं काम आहे." ह्या माणसाने स्वतःच्या स्कीज रंग बघून घेतल्या होत्या, निळा आवडतो म्हणून निळ्या, आणि तो सुखात आहे. मला तसं जमत नाही. मी अभ्यास केला. दोन महिने केला.

मला हव्या होत्या ऑल-माउंटन, म्हणजे नावाप्रमाणे अख्ख्या डोंगरावर चालणाऱ्या. मशिनने चोपून सपाट केलेल्या उतारावर पण, सकाळच्या काचेसारख्या टणक बर्फावर पण, दुपारच्या रबडीवर पण, आणि झाडांमधल्या ताज्या भुसभुशीत बर्फात पण. एकच जोडी, सगळी कामं. आता जी वस्तू सगळी कामं करते असं सांगतात ती प्रत्येक काम थोडं थोडंच करते हे मला मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्यांनी शिकवलंय, पण आशा वाईट असते. 

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १२७-८४-१०८, म्हणजे पुढचं टोक, मधला भाग आणि शेपटी ह्यांची रुंदी मिलिमीटरमधे. शिंप्याला दिलेल्या मापासारखं वाटतं, आणि मधल्या आकड्याला खरंच कंबर म्हणतात. सगळा खेळ त्या कंबरेचा. कंबर बारीक असेल तर स्की ह्या कडेवरून त्या कडेवर पटकन कलते आणि टणक बर्फ पकडते, जाड असेल तर भुसभुशीत बर्फात वर तरंगते पण टणक उतारावर तिला कडेवर उभी करायला गुडघ्याला मेहनत पडते. साधारण ८० ते १००च्या मधलं सगळं स्वतःला ऑल-माउंटन म्हणवतं. म्हणजे डोंगर एकच, पण कोणाचा अख्खा डोंगर कुठला ते तुम्ही ओळखायचं.

मी थेट १०४ची निवडली. म्हटलं आता ह्या वयात नाही तरंगायचं तर कधी.

नवऱ्याने लॅपटॉपमधे डोकावून विचारलं, "मागच्या पाच वर्षांत गुडघाभर ताजा बर्फ तुला किती दिवस मिळाला?"

"तीन."

"आणि त्यातल्या एका दिवशी तू काय करत होतीस?"

एका दिवशी मी पडले होते आणि एक स्की सुटून बर्फाखाली गेली होती, ती मी आणि तीन अनोळखी लोक पाऊण तास काठ्या खुपसून शोधत होतो. तर अडीच दिवस धरा. बाकी सगळे दिवस त्याच चोपलेल्या उतारावर. मी टॅब बंद केला, पण तो बघत नव्हता तेव्हा बुकमार्क करून ठेवला.

मग रिव्ह्यू. स्कीच्या रिव्ह्यूंची भाषा म्हणजे शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शेरे. 'खेळकर आहे.' 'चुका माफ करते.' 'वेगात बडबड करते' (म्हणजे टोक थरथरतं). 'शांत आहे पण लक्ष द्यावं लागतं.' 'अनुभवी हातांतच खुलते.' हा शेवटचा शेरा जिथे दिसेल तिथून मी मुकाट्याने पुढे जायचे आणि मग परत यायचे, कारण काय सांगा, कदाचित आपले हात अनुभवी असतीलही. एका ठिकाणी तर एकच स्की एकाला मऊ वाटली होती आणि दुसऱ्याला ओंडका. दोघांची वजनं दिली असती तर सगळा उलगडा झाला असता, पण वजन कोण देतं, त्यावर पुढे येतेच.

आत काय भरलंय तेही वाचलं. पॉप्लरचं लाकूड, पॉलोनियाचं लाकूड, फायबरग्लास आणि टायटॅनलचे पत्रे. टायटॅनल ऐकून मला वाटलं टायटॅनियम, रॉकेटबिकेटमधलं काहीतरी, तर ते निघालं ॲल्युमिनियमचं मिश्रण. म्हणजे आपल्या पातेल्याच्या चुलत घराण्यातलं. पण काम चोख, दोन पत्रे असले की स्की वेगात थरथरत नाही, फक्त जड होते आणि तिला वाकवायला तुमच्यात दम लागतो.

हे वाचता वाचता रात्रीचा दीड वाजला आणि मी इतिहासात शिरले, जे करायची काहीही गरज नव्हती. नव्वदच्या दशकापर्यंत लोक दोन मीटरच्या वर लांब, जवळजवळ सरळसोट पट्ट्यांवर जायचे, मग १९९३ मधे स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची चांगली खोल कंबर असलेली स्की काढली, ती कडेवर कलवली की आपोआप वळायची. नंतर शेन मॅकॉन्की म्हणून एक अवली माणूस बर्फावर चक्क वॉटर-स्की लावून गेला, आणि २००२ मधे त्याच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची स्पॅट्युला आली, कंबर मधे जाड, टोकं निमुळती आणि कमान उलटी, होडीसारखी वर वळलेली. आजची ऑल-माउंटन स्की ह्या दोन्ही घराण्यांची नात आहे, पायाखाली कमान आणि टोकं उचललेली. हे सगळं मी पहाटे नवऱ्याला उठवून सांगितलं. तो म्हणाला, "रंग कोणता?"

लांबीचा नियम सोपा, हनुवटी ते डोक्याचा माथा ह्यांच्या मधे कुठेतरी, आणि बेतानेच उडणाऱ्यांनी हनुवटीच्या बाजूला राहावं. मी १६३ सेंटिमीटर, स्की १५८. एवढी एकच गोष्ट ह्या प्रकरणात पाच मिनिटांत झाली.

शेवटी म्हटलं चालवूनच बघू. ट्रायलच्या दिवशी एका तंबूतून एकेक जोडी घ्यायची, दोन चकरा मारायच्या, परत द्यायची. मी चार जोड्या बघितल्या आणि वहीत नोंदी केल्या. पहिली: कडक, आवाज करते, आपलं ऐकत नाही. दुसरी: बरी. तिसरी: स्वर्ग. चौथी: जड, आळशी, वळतच नाही. घरी येऊन नोंदी वाचताना माझ्या लक्षात आलं की पहिली मी सकाळी नऊला चालवली होती जेव्हा उतार काचेसारखा होता, तिसरी अकराला ऊन लागून वरचा थर जरा सैल झाल्यावर, आणि चौथी तीन वाजता जेव्हा बर्फाची रबडी झाली होती आणि माझ्या मांड्यांनी राजीनामा दिला होता. म्हणजे मी दिवसभर स्कीजना मार्क देत नव्हते, हवामानाला देत होते. तरी तिसरीच घेतली. कंबर ८४, वळणाची त्रिज्या साडेचौदा मीटर. माझी कंबर कुठल्याच एककात ८४ नाही, पण ते असो.

आता खरी परीक्षा. बाइंडिंग बसवायच्या आधी एक फॉर्म भरावा लागतो: वजन, उंची, वय, आणि तुम्ही कशा प्रकारचे स्कीअर आहात. प्रकार तीन, एक म्हणजे जपून जाणारे, तीन म्हणजे बेफाम, दोन म्हणजे मधले. बुटाच्या तळाची लांबी ते स्वतः बुटावरून वाचतात, तिथे लबाडीला वाव नाही. ह्या सगळ्यावरून एका तक्त्यात बघून खटका किती घट्ट ठेवायचा तो आकडा काढतात. वजन ६८ आहे. मी ६४ लिहिलं. मग आठवलं की हा पाय मोडायचा-वाचायचा आकडा आहे, खोडलं, ६८ केलं. शेजारी नवरा उभा होता म्हणून परत ६४ केलं. प्रकार ३ला टिक केली. तोच पोरगा काउंटरवर होता. तो कागदाकडे बघत बसला, त्यावर खाडाखोडीने भोक पडायला आलं होतं.

"नक्की किती?" 

"अडुसष्ट," मी त्याच्या कानात सांगितल्यासारखं सांगितलं. नवऱ्याने बुटांच्या रॅककडे बघायचं नाटक केलं.

"काही फरक पडत नाही," पोरगा म्हणाला आणि तक्ता माझ्याकडे फिरवला. वजनाने मी ६७ ते ७८च्या ओळीत पडत होते आणि उंचीने १५८ ते १६६च्या, म्हणजे तिच्या वरच्या ओळीत. दोन्ही वेगवेगळ्या ओळीत आले की हलक्या माणसाची ओळ धरायची असा नियमच आहे. म्हणजे एवढी घालमेल करून जो खोटेपणा केला तो तक्त्याने आधीच माझ्या वतीने करून ठेवला होता!

मग त्याने विचारलं, "प्रकार तीन?" 

मी म्हटलं, "दोन लिहा." 

"पन्नाशीच्या पुढे?"

"बावन्न."

पन्नास झाली की तक्त्यात एक ओळ वर सरकायचं, खटका थोडा सैल. प्रकार दोन असेल तर एक ओळ खाली, थोडा घट्ट. त्याने पेन्सिल एक घर वर नेली, एक घर खाली आणली, आणि होती तिथेच आणून ठेवली. माझं वय आणि माझं धाडस एकमेकांना खाऊन शून्य उरलं होतं, तेही लेखी.

पुढे भोकं पाडायची वेळ आली. कोऱ्या करकरीत स्कीत ड्रिल घालताना मी बघत बसणार असा हट्ट केला, तो करायला नको होता. त्याने स्कीवरची मधली खूण शोधली, बुटाच्या मापाची लोखंडी चौकट त्यावर घट्ट बसवली, आणि बिट दाखवलं, त्याला खांदा असतो, ९ मिलिमीटरच्या पुढे ते जातच नाही म्हणजे तळातून बाहेर यायची भीती नाही. मग घर्र झालं. आधी पांढरा भुगा, मग चकचकीत धातूचा बारीक कीस (हे ते पातेल्याचं घराणं), मग फिकट लाकूड. भोकात गोंदाचा थेंब, त्यावर स्क्रू. आता परत करायची सोय संपली. दोन महिने जो 'पण १०४ची घेतली असती तर' डोक्यात वाजत होता तो पहिल्या भोकाला बंद झाला आणि चौथ्या भोकाला परत सुरू झाला.

ही गोष्ट उन्हाळ्याआधीची. तेव्हापासून नवी जोडी बेडरूमच्या कोपऱ्यात उभी होती आणि मी येताजाता दोघींमधली फट बघून घ्यायचे. आहे, बोट जाईल एवढी आहे.

मागच्या आठवड्यात सीझनचा पहिला बर्फ पडला. पातळच होता, वरून दगडांची डोकी दिसत होती. दगडावरून गेलं की तळाला चर पडतो, कधी कधी आतलं लाकूड दिसेपर्यंत, म्हणून जाणकार लोक असल्या दिवसांसाठी जुनी जोडी ठेवतात. माझी जुनी आता बाद. नवी मी हातात घेतली, दारापर्यंत नेली, परत कोपऱ्यात ठेवली. नवरा गाडी सुरू करून बसला होता. "अगं, स्कीज?" 

"भाड्याने घेईन," मी म्हटलं. 

तो काही बोलला नाही. रस्ताभर बोलला नाही. भाड्याच्या काउंटरवर फॉर्म आला, तोच, वजन उंची वय प्रकार. वयात ५२ लिहिलं, प्रकारात २. वजनाच्या रकान्यात ६४ लिहिलं. उंचीचीच ओळ धरतात, काय फरक पडतो.