फोटोशॉपवाचून अडलं नाही, अडलं ते फॉन्टपाशी

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आमच्या डीटीपीच्या (लग्नपत्रिका, फोटोंच्या) दुकानातल्या जुन्या मशीनमध्ये नाही. ऐन लग्नसराईच्या तोंडावर नवीन मशीन परवडणार नव्हतं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकून घेतली. सांगलीच्या गणपती पेठेत भेटेल तो विचारायचा, "ताई, आता फोटोशॉपचं काय?"

फोटोशॉप लिनक्सवर येत नाही, हे खरं. पण आपण त्यात दिवसभर करतो काय? पासपोर्ट फोटो कापायचे, मागचा रंग बदलायचा, आजोबांच्या जुन्या फोटोवरचे डाग काढायचे. हे सगळं गिंप नावाच्या प्रोग्राममध्ये होतं, तेही फुकट. गिंप ३.० आल्यापासून तर लावलेला फिल्टर मागाहूनही बदलता येतो. छपाईला सीएमवायके (छपाईचे चार रंग) लागलं की क्रिता, पत्रिकेच्या मांडणीला स्क्रायबस, लोगोला इंकस्केप. शॉर्टकट वेगळे असल्यामुळे हात बसायला पंधरा दिवस गेले, एवढंच.

खरी अडचण वेगळीच निघाली. तासगावचे एक काका आले. थोरलीची पत्रिका आमच्याकडेच झालेली. म्हणाले, "धाकटीची अगदी तश्शीच करा." जुनी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, गिंपमध्ये उघडली. गणपती आला, तोरण आलं, लेयरही (चित्राचे थर) बहुतेक सगळे आले. मजकूर मात्र नुसतं चित्र होऊन आला! 'कृपाभिलाषी', 'चि. सौ. कां.' दिसत होते, पण एक अक्षर बदलता येईना. त्याच अक्षरांत नवीन टाइप करावं, तर तो मजकूर युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) आधीच्या फॉन्टमध्ये होता, आणि ते फॉन्ट नव्या सिस्टिमवर नव्हते; ते नसले की तसा मजकूर नुसती इंग्रजी अक्षरं, टक्के आणि कंस दिसतो. २०१९ च्या पुरात हीच हार्ड डिस्क मी माळ्यावर चढवून वाचवली होती. फार वाईट वाटलं.

काकांकडची छापील पत्रिका समोर ठेवून सगळं नव्याने टाइप केलं, फुकट मिळणाऱ्या युनिकोड फॉन्टमध्ये. गिंपमध्ये 'स्नेहांकित', 'आप्तेष्ट', 'श्री' कुठलंही सेटिंग न करता नीट उमटले, एकही जोडाक्षर तुटलं नाही.

म्हणून डीटीपीवाल्या भावा-बहिणींना कळकळीने सांगते, फोटोशॉपला पर्याय शोधत बसण्याआधी आपला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणा. जुने फॉन्ट असलेलं मशीन सुरू आहे तोवरच हे सोपं आहे. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागते. मी सध्या शेजारच्या दादांच्या विंडोजवर रोज संध्याकाळी दोन पत्रिका युनिकोडमध्ये उतरवून घेते. कुणाला मदत हवी असेल तर दुकानात या, सातनंतर मी मोकळी असते.