इम्प्लांटवरचं ॲसिड हाडात जातं?

आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने मेसेज टाकलाय: 'दाताचे इम्प्लांट ॲसिडमध्ये बुडवतात. ते ॲसिड पुढे हाडात झिरपतं. ॲसिडने स्क्रूही कमजोर होतो. डॉक्टरांकडे गुळगुळीत इम्प्लांटच मागा.' तिची स्वतःची दाढ याच महिन्यात बसवायचीय, म्हणून हा खटाटोप.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा, बहुतेक टायटॅनियमचा स्क्रू. तो ॲसिडमध्ये बुडवतात हे खरंच. हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक ॲसिडचं गरम मिश्रण असतं. पण झिरपायला टायटॅनियम म्हणजे काही स्पंज नव्हे. बाहेर काढून धुतलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर टायटॅनियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो. हाडाची गाठ पडते ती या पापुद्र्याशी.

कमजोरीचं म्हणाल तर ॲसिडने पडणारे खड्डे १ ते ३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड, इम्प्लांट साधारण ४ मिलिमीटर. इम्प्लांट क्वचित मोडतात, पण ते रात्री दात खाण्याने, वरचा दात धरणारा छोटा स्क्रू सैल राहिल्याने.

खरी गोम 'गुळगुळीत'मध्ये आहे. टायटॅनियम इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला बसवले ते लेथवर कातलेले, तुलनेने गुळगुळीतच होते. तेही टिकले, पण दात चढवायला खालच्या जबड्यात ३ आणि वरच्यात ६ महिने थांबायचं. पाटा गुळगुळीत झाला की वाटण नुसतं घसरतं, म्हणून त्याला टाकी लावून घेतात. हाडाच्या पेशींचंही तसंच. १९९१ मध्ये बुसर नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांवर तुलना केली. चकचकीत पृष्ठभागाला २० ते २५ टक्के हाड चिकटलं. जाड वाळूचा मारा करून वरच्याच दोन ॲसिडांत काढलेल्याला ५० ते ६० टक्के. (दुसऱ्याच ॲसिडांत काढलेला नमुना चकचकीतच्या पंगतीत बसला, म्हणजे वाटेल ते ॲसिड वापरून भागत नाही.)

गंमत म्हणजे हा खरबरीत पृष्ठभाग हवेत राहिला की त्यावर कार्बनची पुटं बसतात आणि थेंब अळवावरच्या पाण्यासारखा उभा राहतो. म्हणून काही इम्प्लांट सलाइनमध्ये बुडवूनच येतात. आत्या, 'बुडवतात' ते हेही असू शकतं!

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मात्र खरी आहे. हिरडी खाली सरकून खरबरीत भाग उघडा पडला तर त्यावर कीटण धरतं, ते काढता निघत नाही. त्यामुळे बऱ्याच इम्प्लांटची मान गुळगुळीतच ठेवतात. डॉक्टरांना विचारायचंच तर सफाई कशी ठेवायची ते विचार. आणि मिश्रीचं त्यांना सांगितलंयस का?